जुन्या गाडीतली पेट्रोलगळती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९७ची कार्ब्युरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्राची) मारुती ८०० आहे. ती मी घरीच सांभाळतो, हे कळल्यापासून पद्मिनी, ८००, झेन, एस्टीम बाळगणारे लोक पेट्रोलच्या वासाबद्दल विचारत असतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे, डिझेलचं गणित निराळं.

१. गाडीत पेट्रोलचा वास येतोय, पण थेंब कुठेच दिसत नाही. दोन-चार दिवस चालवली तर चालेल का?

नाही. थेंब दिसत नाही याचा अर्थ बरेचदा तो गरम इंजिनावर पडून उडून जातोय, एवढाच असतो. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या मे महिन्यात काय होत असेल बघा. हवेत वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झालं की एक ठिणगी पुरते, आणि बोनेटखाली ठिणग्यांना तोटा नसतो. डिस्ट्रिब्युटर आहे, चिरलेली प्लगची वायर आहे, स्टार्टर आहे. वास चालू गाडीत आला तर गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा. थेंब दिसत असेल तर ती गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टोइंगवाल्याला बोलवा.

२. जुन्या गाडीला थोडा वास असतोच ना?

असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. कार्ब्युरेटरची गाडी उन्हातून आणून बंद केली की दहा-पंधरा मिनिटं बोनेटजवळ हलका वास येतो, तो मान्य. गरम इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधल्या छोट्या साठ्यातलं, म्हणजे वाटीतलं, पेट्रोल वाफाळतं. चोक ओढून सुरू केल्यावर मागे सायलेन्सरजवळ येणारा कच्चा वासही मान्य. पण रात्रभर उभ्या गाडीचं दार उघडल्यावर वास आला, किंवा चालताना केबिनमध्ये आला, तर ती गळती आहे असंच धरून चाला.

३. गळती नेमकी कुठून आहे हे शोधायचं कसं?

आधी माझी फजिती सांगतो. माझ्या गाडीला सिग्नलवर उभं राहिलं की वास यायचा. मिस्त्रींनी कार्ब्युरेटरचं पॅकिंग बदललं, महिन्याने पुन्हा बदललं. वास तसाच. शेवटी एका रविवारी मी गाडी स्टँडवर घेऊन खाली पुठ्ठा अंथरला आणि टॉर्च घेऊन आडवा झालो. इंजिनाकडे काहीच नव्हतं. टाकीच्या वर, हात जेमतेम जाईल अशा जागी, परतीच्या (उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणाऱ्या) पाईपचा बोटभर रबरी तुकडा होता. बोटाने वाकवला तर बाहेरच्या बाजूला मातीच्या भेगांसारख्या बारीक रेघा उघडल्या आणि त्यातल्या एकीतून ओल झिरपली. ती ओल लोखंडी पाईपवरून हातभर पुढे सरकत होती आणि पाईपच्या पट्टीपाशी तिचा थेंब होत होता. खालून बघणाऱ्याला गळती त्या पट्टीपाशीच वाटली असती.

तात्पर्य, थेंब पडतो तिथे गळती नसते. ओलीचा माग काढत वर जा. जी सगळ्यात उंच ओली जागा, तिथे खोट. चालत्या गाडीत वारा थेंब मागे ढकलतो, म्हणून थोडं पुढेही बघा. पेट्रोल वाळलं तरी खूण ठेवतं. धुळीने माखलेल्या भागावर मध्येच धुतल्यासारखी स्वच्छ पट्टी दिसते, किंवा पिवळट-तपकिरी चिकट डाग. शंका असलेला सांधा कोरडा पुसून, इंजिन बंद आणि थंड असताना, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. ओल फुटली की पावडर लगेच गडद पडते.

टाकीकडून इंजिनाकडे या क्रमाने बघा: टाकीचं झाकण, तोंडापासून टाकीपर्यंतची जाड रबरी नळी, टाकीच्या काट्याचं (पेट्रोल किती आहे ते मोजणाऱ्या भागाचं) पॅकिंग, टाकीचे सांधे, लोखंडी पाइपांची टोकं, फिल्टर, पंप, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरची रेल (इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी). उजेडाला एलईडी टॉर्चच घ्या. वायर ओढून लावलेला काचेचा बल्ब अजूनही गॅरेजमध्ये दिसतो. तो पडून फुटला तर तापलेली तार थेट वाफेत जाते.

४. माझी गाडी कधी गळते, कधी गळत नाही. गॅरेजमध्ये नेली की कोरडी ठणठणीत!

कधी गळते, यातच निम्मं उत्तर असतं. फक्त टाकी फुल केल्यावर गळत असेल तर खोट टाकीच्या वरच्या भागात: तोंडाची नळी, काट्याचं पॅकिंग, हवेची नळी. अशा गाडीत पाव टाकी पेट्रोल असताना शोधाशोध करून काही मिळणार नाही. फक्त इंजिन चालू असताना गळत असेल तर पंपापासून पुढची, म्हणजे दाब असलेली बाजू बघा. गाडी उभी असतानाही थेंब चालूच असेल तर टाकी, किंवा टाकीतल्या पातळीपेक्षा खाली असलेला एखादा जोड.

राहिली ती डिसेंबरातल्या सकाळची गळती, जी इंजिन तापल्यावर थांबते. रबर जुनं होऊन कडक झालं की थंडीत आकसतं आणि क्लिपखाली सैल पडतं. गरम झालं की पुन्हा फुगून बसतं. गॅरेजपर्यंत पोचेतो ते तापलेलं असतं, म्हणून तिथे कोरडं दिसतं. रात्री गाडी गॅरेजमध्येच सोडा आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना तुम्ही हजर राहा.

५. घरी काम करायचं तर तयारी काय करू?

जागेपासून सुरुवात करा. मोकळं अंगण किंवा मैदान, सावली. इमारतीखालचं बंद पार्किंग नको आणि सर्व्हिसिंगचा खड्डा तर नकोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीवरून सरपटत गटारात, खड्ड्यात, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन बसते. पंधरा-वीस फुटांवर कोणाचा गॅस, उदबत्ती, पाण्याची मोटर असं काही चालू आहे का, हेही बघून घ्या.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, निदान दोन तास. टाकीचं झाकण एकदा उघडून आतला दाब जाऊ द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ही वायर पेट्रोल सांडायच्या आधी काढायची, कारण ती काढतानाही ठिणगी उडू शकते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. थंडीच्या कोरड्या दिवसांत नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे नकोत. सुती घाला आणि काम सुरू करताना गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

हाताशी दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक हवं, आणि त्याचा काटा हिरव्यात आहे हे आधी तपासलेलं हवं. वाळूची बादली असली तर उत्तम. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर उलट काम करते, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. आणि एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा करा. पाना दे, चहा आण, असली कामं त्याला सांगायची नाहीत.

पाईप सोडला की पेट्रोल आपोआप वाहत राहू शकतं, त्यामुळे तोंडात घट्ट बसेल असा स्वच्छ बोल्ट तयार ठेवा. तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. घशाऐवजी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. कोणी गिळलंच तर उलटी करवू नका, थेट दवाखाना.

६. कुठला पाईप आणू? दुकानदार म्हणतो, 'कुठलाही चालतो.'

चालत नाही. टू-व्हीलरची पारदर्शक नळी, वायपरच्या पाण्याची नळी, रेडिएटरचा उरलेला तुकडा, हे सगळं मी लोकांच्या गाड्यांत पाहिलं आहे. प्लॅस्टिकची नळी इंजिनाच्या उष्णतेत आधी मऊ पडून क्लिपखालून सटकते, नंतर काचेसारखी कडक होऊन तडकते.

त्यात आता इथेनॉल आलं. २०२३पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येत गेलं आणि आज नेहमीच्या नोझलमधून तेच मिळतं. नव्वदीतल्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉलने ते फुगतं, मऊ पडतं, काही प्रकारचं कडक होऊन चिरतं. कॉर्कची पॅकिंगंही टिकत नाहीत. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणजे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजायला आमंत्रण. म्हणून पाईप घेताना त्यावर 'एसएई जे३०' (इंधनाच्या पाइपांचं मानक) आणि पुढे 'आर९' (त्यातला प्रकार) छापलेलं आहे का बघा. आर९चा आतला थर फ्लोरो-रबराचा असतो, तो इथेनॉलला टिकतो आणि इंजेक्शनचा दाबही सोसतो. आर६, आर७ कमी दाबाचे, कार्ब्युरेटरच्या गाडीला दाबाच्या दृष्टीने पुरेसे. पण एवढं सगळं उघडलंच आहे तर मी आर९च घालतो. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्याला मात्र आर९ही चालत नाही, त्याला आर१० लागतो.

जुना तुकडा नमुन्याला सोबत न्या. 'थोडा मोठा आहे, क्लिप आवळली की बसेल' हे ऐकलं की दुकान बदला. आणि एक पाईप फुटला म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही रांगेत आहेत, सगळे एकदम बदला.

७. क्लिप कुठली? आवळायची किती?

कार्ब्युरेटरच्या गाडीला मूळची स्प्रिंगची क्लिप, ताण शिल्लक असेल तर, चांगली. स्क्रूवाल्या साध्या क्लिपच्या पट्टीला खाचा असतात, त्या जास्त आवळल्या की रबरात घुसतात. गुळगुळीत पट्टीची, कडा बाहेर वळवलेली इंजेक्शनची क्लिप घ्या. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीला तीच हवी. पाईपच्या तोंडाला जी उंच कडी असते तिच्या मागे क्लिप बसवा, कडीवर नको. नवा पाईप सरकत नसेल तर आत पेट्रोलचा एक थेंब पुरतो, ग्रीस किंवा ऑइल लावू नका.

८. माझी गाडी एमपीएफआय आहे. काही वेगळं करावं लागतं का?

दाब वेगळा, म्हणून काम वेगळं. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब जेमतेम ३ ते ५ पीएसआय, इंजेक्शनचा ४०च्या आसपास. गाडी बंद केल्यावरही तो लाइनमध्ये राहतो आणि पाईप सोडला की पेट्रोल पिचकारीसारखं डोळ्यांत येतं. आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी चालू करून ती आपोआप बंद पडू द्या, पुन्हा दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. मग इंजिन थंड होऊ द्या आणि बॅटरी सोडा (प्रश्न ५). इतकं करूनही चष्मा लावा आणि जोडाभोवती फडकं गुंडाळून मगच सैल करा. इंजेक्टरच्या रिंगा एकदा काढल्या की जुन्या परत बसवायच्या नाहीत.

९. कार्ब्युरेटरवरून पेट्रोल ओसंडतं. पाईप तर नवे आहेत.

मग पाइपांचा दोष नाही. वाटीतली पातळी राखणारी निडल बंद होत नाहीये किंवा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून निडल बंद करणारा पोकळ डबा) बुडाला आहे. बहुतेक वेळा निडलखाली कचरा अडकलेला असतो. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केली की कधी कधी सुटतो, पण कचरा फिल्टर ओलांडून आला कसा, हा प्रश्न उरतोच. फिल्टर बदला, बाणाची दिशा इंजिनाकडे.

फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो भोकाचा. पद्मिनीच्या सोलेक्सचा पितळी फ्लोट असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतील. त्याला डाग देण्यापेक्षा नवा मिळवा, डागाच्या वजनाने पातळी बिघडते.

यातच येणारा एक उपप्रश्न: मूळचा पंप मिळत नाही म्हणून बाहेरचा इलेक्ट्रिक पंप लावला आणि तेव्हापासून ओसंडतंय. त्या पंपाचा दाब निडलला झेपत नाही. कमी दाबाचा पंप किंवा रेग्युलेटर लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चावीवर थेट जोडलेला पंप अपघातात इंजिन बंद पडलं तरी फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. इंजिन थांबताच पंप थांबेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्याच.

१०. ऑइल न घालताच पातळी वाढली आहे. चांगलंच ना?

काका, ऑइल पीतच नाही गाडी, असं एकाने मला आनंदाने सांगितलं होतं. डिपस्टिक काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटून पेट्रोल इंजिनात उतरतंय. बाहेर एक थेंब दिसणार नाही. पातळ ऑइलने बेअरिंग खातात आणि चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडते. गाडी चालू करू नका. पंप, ऑइल आणि ऑइल फिल्टर तिन्ही बदला. डायफ्राम दुसऱ्या बाजूने फाटला तर पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकतं. ते भोक त्यासाठीच दिलेलं असतं, बुजवू नका.

११. टाकीला साबण लावला की गळती थांबते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. कपड्यांचा साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून टाकीच्या बारीक चिरेत रगडला की थेंब थांबतो. घाटात अडकलात तर टोइंगवाला येईपर्यंत जरूर करा. पहिल्या पावसात धुऊन जाईल एवढं लक्षात असू द्या. एम-सील कोरड्या, खरवडलेल्या टाकीवर काही दिवस धरतं, ओल्यावर नाही. रबरी पाइपावर चिकटपट्टी, सायकलची ट्यूब, सिलिकॉन यातलं काहीच नको. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. टेफ्लॉनची टेपही पाइपाच्या फुलवलेल्या टोकाला निरुपयोगी, तिचे धागे आत जाऊन निडल अडवतात.

१२. टाकी रिकामी करून वेल्डिंग करून घेऊ?

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. भरलेलीत हवेला जागा नसते. रिकामीत सांध्यांत मुरलेलं पेट्रोल वाफ होऊन हवेत मिसळतं आणि तयार होतो तो बॉम्बच. 'चार दिवस उन्हात ठेवली होती' याने काही होत नाही. टाक्यांचीच कामं करणारे कारागीर ती गरम पाण्याने, वाफेने धुऊन घेतात, तशी सोय आणि अनुभव असलेल्याकडेच द्या. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे नाही. माझं मत विचाराल तर तळ चाळणीसारखा गंजला असेल तर दुरुस्ती करूच नये, चांगली जुनी किंवा नवी टाकी शोधावी. एका भोकाला डाग दिला की शेजारी दुसरं पडतं.

१३. लोखंडी पाईप मध्येच गंजला आहे. तेवढा कापून रबर जोडू?

कोकणातल्या गाड्यांचा हा नेहमीचा रोग आहे, खारी हवा आणि पाइपाच्या पट्टीखाली साचलेला चिखल. कार्ब्युरेटरच्या गाडीत छोटा तुकडा जोडता येतो, पण कापलेल्या टोकाला कडी पाडून घ्यावी लागते, गुळगुळीत टोकावरून रबर सटकतं. सायलेन्सरजवळ मात्र रबर नकोच. एमपीएफआय असेल तर अख्खा लोखंडी पाईप बदला.

१४. उंदरांनी पाईप कुरतडला. पुन्हा कुरतडू नये म्हणून काय करू?

हमखास उपाय मला सापडलेला नाही. गाडी रोज हलवणं सगळ्यात गुणकारी. डांबरगोळ्या, तंबाखू वगैरेंचा असर आठवडाभर टिकतो. कुरतडलेल्या पाइपाबरोबर वायरीही तपासा, सोललेली वायर आणि ठिबकणारं पेट्रोल एकाच जागी असतं.

१५. गाडी सीएनजीवर चालते, पेट्रोल नावापुरतं. मग पेट्रोलगळतीची काळजी कशाला?

उलट जास्त हवी. वापरात नसलेले पाईप कोरडे पडून तडकतात आणि सहा महिन्यांनी पेट्रोलवर टाकली की एकदम फुटतात. किट बसवताना पेट्रोलच्या लाइनमध्ये घातलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि त्याचे दोन जोड आधी बघा, मला तिथेच सर्वाधिक गळती सापडली आहे. आठवड्यातून थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवा. सीएनजीच्या वासाचं काम घरी करू नका, किटवाल्याकडेच न्या. सिलिंडरची चाचणी दर ३ वर्षांनी करायची असते, तीही पाहून घ्या.

१६. काढलेलं पेट्रोल कशात ठेवू?

घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, सावलीत. बिस्लेरीच्या बाटलीत किंवा उघड्या बादलीत नको. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना ठेवता येतं, तेही धातूचा डबा असल्यास २५ लिटरपर्यंतच्या डब्यात. घाण पेट्रोल गटारात ओतू नका, का ते प्रश्न ५मध्ये आहे. भिजलेली फडकी उघड्यावर पसरून वाळवा.

१७. काम झालं. आता लगेच चालू करू?

सांडलेलं पुसा, अर्धा तास वारा लागू द्या, वास पूर्ण गेला की मगच बॅटरी जोडा. एमपीएफआयमध्ये चावी दोन-तीनदा नुसती ऑन करा, पंप लाइन भरेल, तेवढ्यात जोड बघा. मग इंजिन चालू, पाच मिनिटं, प्रत्येक जोडाला कोरडा कागदी नॅपकिन टेकवून. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पुन्हा एकदा (प्रश्न ४).

१८. बोनेटमधून धूर किंवा ज्वाळा आल्या तर?

चावी बंद, सगळे बाहेर, दूर. बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. आतला खटका ओढल्यावर पडते त्या फटीतूनच पावडर मारा. एक सिलिंडर रिकामं होऊनही विझली नाही तर मागे हटा आणि ११२ किंवा १०१ लावा. आग टाकीकडे असेल तर प्रयत्नच करू नका.

१९. सगळे पाईप नवे, कुठेही ओल नाही, तरी केबिनमध्ये वास येतोच.

हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. मागच्या गळतीचं पेट्रोल गालिच्याखालच्या नमद्यात मुरलेलं असतं, तो बाहेर काढून आठवडाभर उन्हात टाका. टाकीच्या झाकणाचं रबर चपटं झालंय का बघा. कोळशाचा डबा (टाकीतली वाफ शोषून घेणारा) असलेल्या गाडीत त्याच्या नळ्या तडकल्या असतील, तिथून थेंब येत नाही, नुसती वाफ येते. टाकी ओसंडून भरायची सवय असेल तर त्या डब्यात पेट्रोल जाऊन कोळसा निकामी होतो, म्हणून पंपावर पहिल्या कटला थांबा. मागच्या सीटखाली टाकीच्या काट्यासाठी झाकणपट्टी असेल तर तिचं रबर तपासा. एका झेनमध्ये तर शेवटी डिकीत, जॅकशेजारी, झाकण सैल असलेली थिनरची बाटली निघाली.